पहिला अल्बम: नोव्हेंबर ते नोव्हेंबर

१४ नोव्हेंबर २०२५ च्या शुक्रवारी आमचा पहिला अल्बम आला. आठ गाणी, साडेछत्तीस मिनिटं, सगळी मराठीत. पुण्यातले आम्ही चौघं: दोन गिटार, एक बेस, एक ड्रम, गातो तो दोन गिटारवाल्यांपैकी एक. पहिल्या बैठकीपासून त्या शुक्रवारपर्यंत बरोबर एक वर्ष गेलं आणि २,१४,५०० रुपये. माइक कसा लावायचा याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. पण इथे राहून, स्वतःच्या पैशाने, मराठी गाणी करायची तर कुठला कागद कधी करायचा, पैसे कुठे जातात आणि काय कशामुळे बिघडतं हे सलग कुठे मिळालं नाही. म्हणून क्रमाने लिहून ठेवतो आहे.

एक गोष्ट वर्षभर पुन्हा पुन्हा दिसली. चूक ऐकू येते एका टप्प्यावर आणि झालेली असते त्याच्या आधीच्या टप्प्यावर. मिक्सिंगला (सगळी वाद्यं आणि गायन एकत्र जुळवताना) खटकलेलं रेकॉर्डिंगमध्ये बिघडलेलं असतं, रेकॉर्डिंगला अडलेलं तालमीत सुटलेलं असतं. त्यामुळे खाली सुरुवातीच्या टप्प्यांवर जास्त लिहिलं आहे.

नोव्हेंबर २०२४: गाण्यांआधी कागद

नफा वाटून घ्यायचं ठरवून चार जण मिळून काम करायला लागले की १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार ते भागीदार ठरू शकतात, कागद असो वा नसो. कागद नसेल तर वाटे कसे, हे भांडण झाल्यावर ठरवावं लागतं. आम्ही ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार केला (महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक अशा करारांना चालत नाही), नोटरीचे ३०० गेले.

करार लिहिताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही सांगीतिक कृती, आणि त्यांचं ध्वनिमुद्रण ही तिसरी. शब्दांचा मालक लिहिणारा, चालीचा मालक चाल बांधणारा. ध्वनिमुद्रणाचा कर्ता मात्र कायद्याच्या भाषेत ‘निर्माता’ असतो, म्हणजे ते करून घेण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. कुणाच्या काकांनी प्रेमाने स्टुडिओचे पैसे भरले, तर ती भेट आहे, उसने आहेत की निर्मिती, हे त्याच दिवशी लिहून घ्या. आम्ही ठरवलं ते असं: शब्द ज्याचे त्याचे, चालीचे टक्के प्रत्येक गाण्यापुढे वेगळे, ध्वनिमुद्रण चौघांचं सारखं. ड्रमच्या एखाद्या ठेक्यावरच गाणं उभं असेल तर तो चालीत मोजायचा का, यावर दोन संध्याकाळी गेल्या. मोजायचा ठरला.

करारात आणखी चार मुद्दे होते: कुणी बँड सोडला तर नाव कुणाकडे राहणार; सोडणाऱ्याला जुन्या गाण्यांचा वाटा मिळत राहणार का (हो); निर्णय किती मतांनी होणार (चारपैकी तीन); आणि मूळ फाइल कुणाकुणाकडे असणार.

नावाचा शोधही याच आठवड्यात घ्या. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध फुकट आहे; करमणुकीसाठी वर्ग ४१ आणि ध्वनिमुद्रणांसाठी वर्ग ९ पाहायचा. मग गाण्यांच्या ॲपवर तेच नाव शोधायचं, देवनागरीत आणि रोमनमध्येही. आम्हाला आवडलेलं पहिलं नाव परदेशातल्या एका बँडचं निघालं. पोस्टर छापल्यावर कळलं असतं तर जड गेलं असतं. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्तीच्या नावे दर वर्गाला ४,५०० रुपये आणि संस्थेच्या नावे ९,००० (लघुउद्योग म्हणून नोंद असेल तर ४,५००). जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतींसाठी चार महिने असतात. तो खर्च आम्ही पुढे ढकलला.

डिसेंबर ते फेब्रुवारी: तालीम

तीन-तीन तासांच्या बावीस तालमी, ताशी ४०० रुपये, एकूण २६,४००. स्टुडिओत दिवसाचे दहा हजार जात असताना ‘इथे दोनदा की चारदा?’ असा प्रश्न पडला तर तो प्रश्नच महाग पडतो. म्हणून प्रत्येक तालीम कोपऱ्यात फोन ठेवून रेकॉर्ड केली आणि दुसऱ्या दिवशी ऐकून गाण्याची रचना कागदावर लिहिली: कुठला भाग किती मात्रांचा, कुठे थांबायचं, कुणी सुरू करायचं.

तीन गोष्टींचा आम्हाला खरा उपयोग झाला. पहिली, ड्रमरने प्रत्येक गाणं एकट्याने, फक्त क्लिकवर (हेडफोनमधल्या गतीच्या ठोक्यांवर), सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचं. गाण्याच्या आधाराने वाजवणारा ड्रमर एकटा पडला की अंतरा मोजताना चुकतो, आणि स्टुडिओत तो एकटाच असतो. दुसरी, बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) यांची वेगळी तालीम. बाकी दोघं गप्प. किक पडते तिथे बेसचा स्वर सुरू होतो का, आणि तो संपतो कुठे, हे एवढंच ऐकायचं. तिसरी, गाण्याची गती गाणाऱ्याने ठरवायची. एक गाणं आम्ही मिनिटाला १३२ ठोक्यांवर वाजवत होतो, कारण गिटारला ते छान वाटायचं. शब्द स्पष्ट म्हणायला लागल्यावर ते १२४ वर आलं.

इथे मराठीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हे आम्हाला उशिरा कळलं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो आणि रॉकची चाल इंग्रजी शब्दांच्या आघातांवर पोसलेली असते. परक्या वळणाची चाल घेऊन त्यात शब्द कोंबले की लघू अक्षरावर लांब सूर येतो. ‘मला’मधला ‘म’ ताणला की ऐकणाऱ्याला ‘माला’ ऐकू येतं. ‘दिन’ ताणला की ‘दीन’ होतो. आधी ओळ नुसती वाचून लघु-गुरू मांडायचे, मग ठोक्यावर गुरू अक्षर येतं का ते पाहायचं. लांब सूर शक्यतो ‘आ’, ‘ए’, ‘ओ’वर संपणाऱ्या शब्दावर ठेवायचा, कारण तोंड उघडं राहतं आणि वरच्या पट्टीत आवाज दबत नाही. ‘ऊन’, ‘मूठ’ यांसारख्या शब्दांवर वरचा सा धरून पाहा म्हणजे फरक कळेल. आमच्या आठांपैकी तीन गाण्यांची कडवी यासाठी पुन्हा लिहावी लागली आणि ती आता सर्वांत चांगली वाटतात.

मार्च २०२५: ड्रम

स्टुडिओचे तीन दिवस, दिवसाला १०,००० रुपये. भाव ठरवताना ‘जीएसटी धरून की वेगळा?’ हे विचारा. वेगळा असेल तर १८ टक्के वर जातात. आम्हाला वर्षाअखेर त्याचेच २१,६०० पडले.

जाण्याआधी ड्रमची कातडी नवी घातली (८,२००). रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी घालून, थोडी वाजवून, पुन्हा सुरात आणावी लागतात. त्याच सकाळी घातली तर दर गाण्यामागे उतरत जातात. किकच्या पेडलला तेल द्या. त्याची किरकिर सभागृहात ऐकू येत नाही, पण किकच्या आत ठेवलेल्या माइकला येते.

पहिल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत एकही टेक (गाणं एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) झाला नाही आणि ते योग्यच होतं. अकरा माइक लागले: किकच्या आत एक, स्नेअरला (खालून तारा लावलेला करकरीत ड्रम) वर एक आणि खाली एक, तीन टॉमना तीन, हाय-हॅटला एक, डोक्यावर दोन, आणि खोलीचा आवाज घ्यायला लांब दोन. स्नेअरचं वरचं कातडं आत जातं तेव्हा खालचं बाहेर येतं, म्हणून खालच्या माइकची पोलॅरिटी (तरंगाची दिशा) उलटी करावी लागते, नाहीतर दोन्ही एकमेकांना खातात आणि स्नेअर पत्र्यासारखा वाजतो. डोक्यावरचे दोन माइक स्नेअरच्या मध्यापासून दोरीने मोजून सारख्या अंतरावर ठेवायचे. आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. दोन माइकमध्ये एवढा फरक पडला तरी स्नेअर मधोमध न वाटता एका बाजूला सरकतो आणि पोकळ होतो. ही दोरी दर दोन गाण्यांनी पुन्हा लावा, कारण स्टँड हळूच खाली सरकतात.

आमचं एक गाणं इथे अडकलं. शेवटी सिम्बल (झांज) वाजून आठ-दहा सेकंद विरत जातो. त्या शांततेत ड्रमरच्या हेडफोनमधला क्लिक डोक्यावरच्या माइकमध्ये स्पष्ट उतरला होता आणि हे आम्हाला ऑगस्टमध्ये कळलं. क्लिक त्याच भागात वाजत असतो ज्यात सिम्बल आहे, त्यामुळे तो काढता येत नाही. दुसऱ्या टेकमधला सिम्बल आणून जोडावा लागला. बंद प्रकारचे हेडफोन वापरा, आणि शेवटच्या ठोक्यानंतर क्लिक आपोआप बंद होईल असं आधीच लावून ठेवा.

प्रत्येक गाण्याचे तीन पूर्ण टेक घेतले. चौथा घ्यावासा वाटला तर आधी चहा घ्यायचा, असा नियम होता. दमलेला हात पुढे पळत नाही, मागे पडतो, आणि मागे पडलेले ड्रम ओढून जागेवर आणले तर जीव जातो त्यांचा.

दुसरा दिवस आम्ही गुरुवारी धरला होता. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारीच बंद असते. स्टुडिओत जनरेटर होता म्हणून निभावलं. तारीख घेताना वार बघा.

एप्रिल-मे: बेस आणि गिटार, घरी

इथे पैसे वाचवता येतात. बेस आणि दोन्ही गिटार घरच्या खोलीत, इंटरफेसमधून (वाद्य संगणकाला जोडणारं यंत्र) थेट, अँपशिवाय (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीशिवाय) घेतल्या. हा कोरडा आवाज मिक्सिंग करणाऱ्याने नंतर त्याच्या अँपमधून पुन्हा वाजवून माइकने घेतला. म्हणून घरी फक्त वाजवणं स्वच्छ हवं. टोन नंतर ठरतो. वाजवताना मजा यावी म्हणून संगणकातला अँपचा आवाज ऐकायचा, पण फाइल कोरडी जपायची.

सुरू करण्याआधी तीनही वाद्यांचा सेट-अप (तारांची उंची आणि मान जुळवणं) करून घेतला (प्रत्येकी १,२००). सुरात लावलेली गिटार बाराव्या पट्टीवर बेसूर असेल तर दोन गिटार एकत्र आल्यावर घाण वाटते आणि दोष कुणाचा ते कळत नाही. तारा आदल्या दिवशी बदलायच्या, दर दोन गाण्यांना नव्या. त्यात ४,८०० गेले. प्रत्येक टेकआधी सूर तपासायचा, ‘आत्ताच तर लावली’ असं वाटलं तरी. २०२५ मध्ये पाऊस मे संपायच्या आतच आला. हवेतला ओलावा वाढला की लाकूड फुगतं, गिटारची मान हलते, तारा उंच होतात. शेवटच्या दोन गाण्यांआधी सेट-अप परत तपासावा लागला.

गुणगुण हा घरच्या रेकॉर्डिंगचा मोठा शत्रू. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून खर्जातली गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झला येते. तिचं कारण बहुतेकदा अर्थिंग. तिसऱ्या पिनला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. करकरीत, मधमाशीसारखा आवाज येत असेल तर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरकडे किंवा मंद होणाऱ्या दिव्याकडे पाहा. सिंगल-कॉइल पिकअप (गिटारमधलं तारांची कंपनं टिपणारं एकेरी वेटोळं) तो आवाज लगेच ओढतात. पंखा पूर्ण बंद किंवा पूर्ण वेगात ठेवला की आवाज जातो किंवा कमी होतो. एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवून वाजवणं सोपं नाही, म्हणून आम्ही पहाटे साडेपाच ते नऊ वाजवलं. मग लॅपटॉपचा चार्जर काढून ऐकायचं, मग गिटार हातात धरून खोलीत हळूहळू फिरायचं. एका ठरावीक कोनात गुणगुण सर्वांत कमी असते, तिथेच खुर्ची मांडायची.

भारदस्त गिटारसाठी एकच भाग दोनदा वाजवायचा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवायचा. एकाच टेकची नक्कल करून दोन्हीकडे ठेवली तर तो मधोमधच ऐकू येतो, फक्त मोठा. विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज) स्टेजपेक्षा बरीच कमी ठेवा. दोन थर मिळून ती पुरेशी होते, आणि जास्त झाली तर स्वरांच्या कडा पुसल्या जातात. आम्ही दोन गाण्यांत चार-चार थर केले होते. मिक्सिंगमध्ये त्यातले दोन काढल्यावर गाणं मोठं वाटायला लागलं.

एक चूक पूर्ण आठवडा खाऊन गेली. स्टुडिओतला प्रकल्प ४८ किलोहर्ट्झचा (सेकंदाला ४८,००० नमुने) होता आणि घरी एका गाण्याचा ४४.१ चा उघडला गेला. अशी फाइल न बदलता ४८ च्या प्रकल्पात गेली की साधारण ९ टक्के वेगाने धावते आणि दीड सेमीटोन, म्हणजे दीड अर्धस्वर, वर चढते. ती नीट बदलून घेता येते, पण आधी चूक कुठे आहे तेच सापडत नाही. प्रत्येक फोल्डरच्या नावातच ‘४८-२४’ लिहून ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

जुलै: आवाज

गायनासाठी चार-चार तासांच्या पाच वेळा घेतल्या, ताशी ९००, एकूण १८,०००. ठरलं होतं जूनमध्ये. घसा बसल्यामुळे जुलैवर गेलं, आणि जुलैत ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झालेले असतात. स्टुडिओच्या भिंती माणसांचा आणि गाड्यांचा आवाज अडवतात, पण ढोलाचा खर्ज भिंतीतून आणि जमिनीतून येतो. दोन संध्याकाळी टेकच्या मागे तो हलका धपधप ऐकू येत राहिला. गाण्याच्या आवाजातला खालचा भाग कापून तो बराच गेला, पण शांत कडव्यात राहिलाच. ती कडवी सकाळी पुन्हा गायली. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात गायन असेल तर सकाळची वेळ घ्या. ऐन सरावाच्या तासाला कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, तो त्यांचाही तालमीचा काळ असतो.

मराठीतले महाप्राण, म्हणजे ख, घ, थ, ध, फ, भ, माइकवर हवेचा झोत टाकतात. जाळी लावायचीच, शिवाय माइक तोंडाच्या सरळ समोर न ठेवता थोडा बाजूला, साधारण एक वीत अंतरावर ठेवायचा. स आणि श यांच्या शिट्टीचा विचार सगळेच करतात. पण ‘चांदणं’, ‘चाक’, ‘जखम’, ‘झाड’ यांतले दंततालव्य च, ज, झ हेही तितकेच टोचतात. साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमधली ही टोच डी-एसरने (अशी अक्षरं आपोआप दाबणाऱ्या साधनाने) कमी होते, मात्र प्रमाण जास्त झालं की गायक बोबडा वाटतो. आम्ही सरसकट न लावता नेमक्या अक्षरांवर हाताने आवाज कमी केला. वेळ लागला, पण शब्द जिवंत राहिले.

एका वेळी दोन गाणी, त्याहून जास्त नाही. ओरडून गायचं गाणं शेवटी ठेवायचं. शब्दांचा कागद मोठ्या अक्षरांत, आणि तो स्टँडवर कापड टाकून ठेवायचा, नाहीतर आवाज कागदावरून परत माइकमध्ये येतो. दुसऱ्या खोलीत एकाने फक्त उच्चार ऐकायचे, सूर ऐकणारे बाकीचे असतात.

ऑगस्ट-सप्टेंबर: मिक्सिंग, मास्टरिंग

मिक्सिंगचे दर गाण्याला ७,०००, म्हणजे ५६,०००. त्यात तीन दुरुस्त्या धरलेल्या होत्या. गणपती २७ ऑगस्टला बसणार होते, त्या दहा दिवसांत काम होणार नाही हे गृहीत धरून तारखा ठरवल्या होत्या.

फाइल पाठवताना प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारा, नाव कळेल असा, कुठलाही इफेक्ट नसलेला. सोबत आपला कच्चा मिक्स, गती, आणि ‘असं वाटायला हवं’ म्हणून दोन-तीन ओळखीची गाणी. दुरुस्त्या चौघांनी वेगवेगळ्या पाठवायच्या नाहीत. एकाने सगळ्यांच्या गोळा करायच्या, परस्परविरोधी असतील तर आधी आपसात मिटवायच्या, मग वेळ घालून पाठवायच्या: ‘२:१४, आवाज गिटारखाली जातो’. ‘जरा पंच हवा’ या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही.

आमच्या मिक्समध्ये मुख्य भांडण आवाज आणि गिटार यांचं होतं. व्यंजनं कळतात ती मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये, आणि विकृत गिटारही तिथेच गर्दी करते. आवाज मोठा करत गेलो तर बँड लहान होतो. आवाज आला की गिटारचा तेवढाच पट्टा किंचित खाली जाईल असं केल्यावर शब्द वर आले. फोनवर ऐकून पाहिलं तर बेस गायब होता, कारण फोनच्या स्पीकरला अगदी खालचे स्वर झेपत नाहीत. बेसला थोडी विकृती दिली की त्याचे वरचे स्वरांश फोनवर ऐकू येतात आणि कान खालचा स्वर स्वतः भरून काढतो.

मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) वेगळ्या माणसाकडे दिलं, गाण्याला २,०००. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी आवाजाचं माप) पातळीला गाणी आणून वाजवतं, म्हणून सगळं उणे १४ लाच हवं असा समज आहे. रॉकला तेवढं हळू ठेवलं की ते सैल वाटतं. आमची गाणी उणे १० च्या आसपास आहेत, शिखर उणे १ डेसिबलवर. ॲप ती खाली आणतं, पण गाण्याची घट्ट घडण टिकते. याच वेळी प्रत्येक गाण्याची गायनाविना प्रत आणि स्टेम (ड्रम, गिटार अशा गटांच्या वेगळ्या फाइल) मागून घ्या. सहा महिन्यांनी मागितल्यावर प्रकल्प जसाच्या तसा उघडेल याची खात्री नसते.

सप्टेंबरात एका संगीत कंपनीने करार पुढे केला. तो आम्ही घेतला नाही, पण वाचताना जे शिकलो ते उपयोगी आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वेगळी अट नसेल तर, घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो परत येतो. म्हणूनच कंपनीच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द ठळक असतात आणि कलम १९ लागू नाही अशी ओळही असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा असा लिहून काढून घेता येत नाही. पन्नास हजार उचल देऊन ध्वनिमुद्रण कायमचं जाणार होतं. चारपैकी चार मतं ‘नाही’ पडली.

ऑक्टोबर: अपलोड आणि अर्ज

कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर प्रमाणपत्र पुरावा म्हणून कामी येतं. ऑनलाइन अर्ज नमुना १४ मध्ये. शब्दांना ५००, चालीला ५००, ध्वनिमुद्रणाला २,०००. आठही गाण्यांचे २४,००० झाले असते. ज्या दोन गाण्यांवर आमचा सर्वांत जास्त भरवसा होता त्यांचेच ६,००० भरले. अर्ज केला की डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. मग आम्हाला त्रुटीचं पत्र आलं. चूक आमचीच होती: एका गाण्याच्या चालीत बेसवाल्याचा वाटा आहे आणि त्याचं ना-हरकत पत्र जोडलं नव्हतं. ज्यांचा ज्यांचा वाटा आहे त्या सगळ्यांची पत्रं आधीच सही करून ठेवा.

गीतकार आणि संगीतकार म्हणून दोघांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घेतलं. पॅन, बँकेचा तपशील आणि प्रत्येक गाण्याचे टक्के लागतात. नोव्हेंबरमधला करार इथे समोर ठेवून भरला. हे पैसे गाणं वाजवल्याबद्दल शब्द आणि चालीला मिळतात. ध्वनिमुद्रणाचे पैसे वितरकाकडून (गाणी ॲपवर पोचवणारी सेवा) वेगळे येतात. एक घेतलं म्हणजे दुसरं आपोआप मिळत नाही.

अपलोड १० ऑक्टोबरला केलं, पाच आठवडे आधी. वितरकाची वार्षिक वर्गणी २,१०० पडली. मुखपृष्ठ ३,००० बाय ३,००० पिक्सेल (चित्रकाराला १२,०००). त्यावर संकेतस्थळाचं नाव किंवा दुसऱ्याचं बोधचिन्ह असेल तर परत येतं. भाषा ‘मराठी’ निवडा. घाईत आधी ‘हिंदी’ निवडली जाते आणि मग गाणं चुकीच्या श्रोत्यांपुढे जातं. गाण्यांची नावं देवनागरीत की रोमनमध्ये, ते एकदा ठरवून सगळीकडे तसंच ठेवा. प्रत्येक गाण्याला बारा चिन्हांचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) मिळतो; तो तक्त्यात लिहून ठेवा, कारण उद्या वितरक बदलला तर तोच क्रमांक द्यायचा असतो, नाहीतर ऐकण्याचे आकडे शून्यावरून सुरू होतात.

वितरक अमेरिकन असेल तर डब्ल्यू-८बेन हा तिथल्या कराचा अर्ज भरावा लागतो. तिथल्या रॉयल्टीवर ३० टक्के कर कापला जातो, भारताशी असलेल्या करारामुळे तो १५ वर येतो. त्यासाठी परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात आपला पॅन लिहायचा. तो रकाना रिकामा सोडला तर सवलत जाते.

तारीख निवडताना दिवाळीचा आठवडा टाळला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि त्या दिवसांत नवीन गाणं ऐकायला कुणाला उसंत नसते. जगभर नवी गाणी २०१५ पासून शुक्रवारी येतात, म्हणून शुक्रवार. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते येण्याच्या किमान सात दिवस आधी, आणि एका वेळी एकच गाणं सुचवता येतं. आम्ही सर्वांत जोरकस गाणं न देता ज्याचे पहिले वीस सेकंद स्पष्ट आहेत ते दिलं.

नोव्हेंबर, आणि नंतर

अल्बम आला त्या रात्री एका लहान सभागृहात वाजवलं. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. सभागृहंही बहुतेक तीच वेळ पाळतात, म्हणून सात वाजता सुरू केलं. गाणी आपलीच असली तरी आयपीआरएसच्या सभासदाने वाजवण्याचे हक्क संस्थेकडे सोपवलेले असतात, त्यामुळे आयोजकाला परवाना घ्यावा लागतो. हे आयोजकाला दोन आठवडे आधी सांगा, ऐनवेळी नको.

दोन हार्ड डिस्क घेतल्या, ९,००० रुपयांच्या, आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवल्या. आत प्रत्येक गाण्याचं फोल्डर: कोरडे ट्रॅक, मिक्सची शेवटची आवृत्ती, गायनाविना प्रत, स्टेम, मास्टर, शब्द, टक्के, आयएसआरसी. खर्च चौघांत सारखा वाटला, माणशी ५३,६२५.

ऐकण्याचे आकडे ॲपवर दुसऱ्या दिवशी दिसतात, पैशांचा हिशोब वितरकाकडे दोन-तीन महिन्यांनी येतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेलं गाणं रॉयल्टी मिळवत नाही. आमची तीन गाणी तो आकडा ओलांडून पुढे गेली आहेत, चौथं ९४० वर आहे. कॉपीराइटच्या त्रुटीचं उत्तर पाठवलं आहे, एका गाण्याचं प्रमाणपत्र अजून यायचं आहे.